दोन्ही निम्मे, मग त्रास एकालाच का? : एचआयव्हीची औषधं आणि ओपिऑइड व्यसनाचे उपचार

परवा अकोल्याहून बडनेऱ्याला येत होते. रोजचं अप-डाऊन, रोजचीच गर्दी. समोर कॉलेजातली एक ज्युनिअर बसली होती. एम.फार्म. झालंय, आता पीएचडीच्या पेटची तयारी चाललीय. मांडीवर एका भल्यामोठ्या टेबलची झेरॉक्स. डावीकडे एचआयव्हीच्या औषधांची नावं, वर मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन, आणि मधल्या चौकटींमध्ये वर-खाली जाणारे बाण.

“ताई, हे सगळं पाठच करा लागते काय?”

मी म्हटलं, पाठ करू नकोस, आधी एकच ओळ नीट वाच. तिनं इफाव्हिरेन्झची ओळ वाचली. इफाव्हिरेन्झ दिलं की मेथाडोन रक्तात निम्म्यावर येतं. ब्युप्रेनॉर्फिनसुद्धा निम्म्यावर येतं. शेवटच्या रकान्यात मात्र पहिल्यासमोर ‘विड्रॉवलची लक्षणं’ आणि दुसऱ्यासमोर ‘लक्षणं नाहीत’.

ती थांबली. “दोन्ही निम्मेच झाले ना? मग त्रास एकालेच काहून?”

हा प्रश्न पडला म्हणजे टेबल पाठ करायची गरज संपली. मूर्तिजापूर येईपर्यंत मला उत्तर पूर्ण देता आलं नाही, म्हणून इथे सावकाश लिहिते.

आधी थोडी ओळख, कारण आपल्या भागात हा विषय फारसा कानावर पडत नाही. अफू, मॉर्फिन, हेरॉइन, ‘गर्द’ म्हणून ओळखली जाणारी ब्राऊन शुगर, आणि ट्रामाडॉल, कोडीनसारखी औषधं या सगळ्यांना मिळून ओपिऑइड म्हणतात. ही सगळी मेंदूतल्या ‘म्यू’ नावाच्या रिसेप्टरवर जाऊन बसतात. सवय झालेल्या माणसाचं ओपिऑइड एकदम बंद झालं की जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, जुलाब, पाय फुटल्यासारखे दुखणं आणि झोप गायब. याला पुस्तकात विड्रॉवल म्हणतात. व्यसनमुक्तीच्या कामातली माणसं ‘टर्की’ म्हणतात.

उपचाराचा एक मार्ग म्हणजे पूर्ण बंद. दुसरा मार्ग, दीर्घकाळ टिकणारं आणि मोजून-मापून दिलेलं ओपिऑइड रोज देत राहणं. टर्की येत नाही, सुई सुटते, माणूस कामावर जाऊ लागतो. हाच ओएसटी, म्हणजे ओपिऑइड सबस्टिट्यूशन थेरपी. आपल्याकडे नॅकोच्या कार्यक्रमात यासाठी मुख्यतः ब्युप्रेनॉर्फिनची जिभेखाली ठेवायची गोळी देतात, आणि ती कर्मचाऱ्यासमोरच विरघळवायची असते. मेथाडोन भारतात उशिरा आलं. २०१२ च्या सुमारास मोजक्या केंद्रांवर त्याची सुरुवात झाली, त्यात मुंबईचं केईएम रुग्णालय होतं. नॅकोनं यात लक्ष घालण्याचं कारण सरळ आहे. एकच सुई चार जणांनी वापरली की एचआयव्ही पसरतो. म्हणून एकाच माणसाला दोन्ही उपचार लागणं हा योगायोग नाही. उपचारच तशा माणसासाठी आखलेला आहे.

आता वऱ्हाडाचं. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि अमरावतीच्या इर्विनमध्ये एआरटी केंद्रं आहेत, पण तिथल्या बहुतेक रुग्णांना एचआयव्ही सुईतून झालेला नाही. महाराष्ट्रात तो प्रामुख्यानं लैंगिक संबंधांतून पसरला. सुईचं प्रमाण मणिपूर, मिझोराम, नागालँड, पंजाब या बाजूला जास्त. पण म्हणून ‘आपल्याकडे हे नाहीच’ असं समजू नका. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं एम्सकडून करवून घेतलेल्या व्यसनांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशात सुमारे साडेआठ लाख लोक सुईनं नशा करतात असा अंदाज निघाला, आणि ओपिऑइडची समस्या जास्त असलेल्या राज्यांच्या यादीत महाराष्ट्राचंही नाव होतं. मुंबई-कोलकाता महामार्ग आपल्या अकोला, मूर्तिजापूर, अमरावतीवरूनच जातो. माणसं कामाला बाहेर जातात, आजारी पडली की गावाला परत येतात. उपचार मुंबईत सुरू झालेला, क्षयरोग मात्र गावी आल्यावर सापडलेला, असा रुग्ण समोर आला तर? त्याचं काय होईल हे समजायचं असेल तर यकृतात डोकवावं लागतं.

औषध मोडण्याचं काम यकृतातली एन्झाइम करतात. तुम्ही कापसाच्या पट्ट्यातले आहात, तेव्हा जिनिंगचं उदाहरण घेते. एन्झाइम म्हणजे रेचे समजा. कापूस आत येतो, रेचा तो उरकतो. दुसरं एखादं औषध यात दोन प्रकारे ढवळाढवळ करतं. एक, ते रेच्याचा पट्टाच उतरवतं. काम त्याच दिवशी अडतं, कापूस साचतो, म्हणजे पहिल्या औषधाची रक्तातली पातळी वाढते. याला इनहिबिशन म्हणतात. एचआयव्हीच्या औषधांसोबत दिलं जाणारं रिटोनाव्हिर हे त्याचं ठळक उदाहरण. दोन, ते मालकाला सांगतं की माल फार येतोय, आणखी रेचे बसवा. ही इंडक्शन. पण रेचे एका दिवसात उभे राहत नाहीत. पेशीच्या केंद्रकापर्यंत निरोप जातो, जनुक वाचलं जातं, नवं प्रथिन तयार होतं. परिणाम पूर्ण दिसायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. आणि औषध बंद केलं तरी बसवलेले रेचे लगेच कोणी उचलून नेत नाही, ते ओसरायलाही तेवढाच वेळ जातो.

हा वेळेचा मुद्दा वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण रुग्णाचा घात इथेच होतो. इफाव्हिरेन्झ किंवा नेव्हिरापिन सुरू केलं त्या दिवशी काहीच होत नाही. आठ-दहा दिवसांनी मेथाडोनवरचा माणूस येतो आणि म्हणतो, ‘डोस पुरत नाही, पहाटे अंग मोडून येतं.’ समोर बसलेल्याच्या मनात पहिला विचार येतो की याला जास्तीचा माल हवाय. दहा दिवसांपूर्वी सुरू केलेल्या दुसऱ्याच गोळीशी याचा संबंध जोडायला कोणालातरी ती तारीख आठवावी लागते. नाही आठवली, तर रुग्ण आपला संबंध आपणच जोडतो. एचआयव्हीची गोळी बंद केली की बरं वाटतं, एवढं त्याला कळतं आणि तो ती बंद करतो. त्याच्या बाजूनं बघितलं तर यात चूक काहीच नाही. पण इफाव्हिरेन्झ शरीरातून फार हळू जातं. सोबतची दोन औषधं संपल्यावरही ते एकटंच काही दिवस रेंगाळतं, आणि एकट्या औषधासमोर विषाणूला प्रतिकार शिकायला वेळ लागत नाही. त्या औषधाविरुद्धचा प्रतिकार तर एकाच म्युटेशननं येऊ शकतो.

आता तिच्या प्रश्नाकडे येऊ.

२००१ मध्ये डब्लिनच्या डॉक्टरांनी मेथाडोनवरच्या ११ एचआयव्हीग्रस्त रुग्णांना इफाव्हिरेन्झ सुरू केलं आणि रक्तातलं मेथाडोन मोजलं. एयूसी म्हणजे दोन डोसांच्या मधल्या काळात औषध रक्तात एकूण किती राहिलं त्याचं माप. ते सरासरी ५७ टक्क्यांनी घटलं. ११ पैकी ९ जणांना टर्की लागली आणि त्यांचा मेथाडोनचा डोस वाढवावा लागला. किती? सरासरी २२ टक्के. परत वाचा. पातळी निम्म्याहून खाली गेली, तरी डोस दुप्पट करावा लागला नाही, पाव हिस्सासुद्धा वाढवावा लागला नाही. म्हणजे रक्तातला आकडा आणि माणसाचा त्रास एका प्रमाणात चालत नाहीत, हे याच पेपरात दिसतं.

ब्युप्रेनॉर्फिनचं काम अमेरिकेत मॅकेन्स-कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी केलं, २००६ मध्ये छापून आलं. इथेही इफाव्हिरेन्झनं एयूसी जवळपास निम्म्यावर आणला. टर्की मात्र कोणालाच लागली नाही. (एक सूचना. यातले सहभागी एचआयव्ही नसलेले होते, डब्लिनचे एचआयव्हीग्रस्त. दोन पेपरांतले आकडे शेजारी ठेवताना मेथड्सचा भाग वाचल्याशिवाय तुलना करू नका. मी पहिल्या वर्षी केली होती आणि सेमिनारमध्ये माझी व्यवस्थित फजिती झाली होती.)

फरक रिसेप्टरवर आहे. ब्युप्रेनॉर्फिन म्यू रिसेप्टरला फार घट्ट धरतं आणि सोडायला वेळ लावतं. पण ते अर्धवट काम करणारं, म्हणजे पार्शल अॅगोनिस्ट आहे. त्यामुळे टर्की दाबायला त्याला पुष्कळ जागा व्यापावी लागते. मेंदूच्या स्कॅनवरून साधारण अंदाज असा आहे की, निम्मे रिसेप्टर व्यापलेले असले तर टर्की दबून राहते, आणि १६ मिलिग्रॅमच्या डोसवर सुमारे ८० टक्के व्यापलेले असतात. मेथाडोन पूर्ण काम करणारं आहे. ते थोडेच रिसेप्टर व्यापून भागवतं, स्कॅनमध्ये साधारण पाचवा ते तिसरा हिस्सा.

आता पेन घ्या. फार्मकॉलॉजीचं पहिलंच सूत्र आहे: व्यापलेला वाटा = मात्रा ÷ (मात्रा + १). इथे मात्रा ही औषधाच्या के-डीच्या पटीत मोजलेली आहे, म्हणून खाली नुसता १.

ब्युप्रेनॉर्फिनचे ८० टक्के व्यापलेले आहेत, म्हणजे मात्रा ४, कारण ४ ÷ ५ = ०.८. इफाव्हिरेन्झनं ती निम्मी केली, म्हणजे २. वाटा झाला २ ÷ ३, सुमारे ६७ टक्के. औषध निम्मं झालं, पण व्यापलेली जागा ८० वरून ६७ वर आली. निम्म्याच्या रेषेपेक्षा अजूनही बरीच वर. त्रास नाही.

मेथाडोन ३० टक्के धरा. मात्रा ०.४३. निम्मी केली की ०.२१५, वाटा जवळपास १८ टक्के. इथे जागाही सुमारे ४० टक्क्यांनी घटली. मागे साठाच नव्हता.

म्हणजे एकजण धरणाच्या वरच्या पातळीवर उभा आहे, दुसरा तळाशी. दोघांचं पाणी सारखंच घटलं. अर्थात हे पाठकोऱ्या कागदावरचं गणित आहे. रक्तातली मात्रा म्हणजे मेंदूतली मात्रा नव्हे, ब्युप्रेनॉर्फिनपासून तयार होणारं नॉरब्युप्रेनॉर्फिनही थोडं काम करतं, आणि मेथाडोनचं प्रथिनांना चिकटणं, त्याची डावी-उजवी रूपं हा वेगळाच गुंता. डब्लिनचे २२ टक्के या सूत्रातून निघत नाहीत, ओढूनताणून काढूही नका. पण ‘एकालेच काहून’ याचा गाभा इथे आहे.

या सूत्राची खरी परीक्षा रिफाम्पिसिननं घेतली. आणि रिफाम्पिसिन म्हटलं की आपण परत वऱ्हाडात आलो, कारण एचआयव्ही आणि क्षयरोग ही जोडी आपल्याकडे कुठल्याही एआरटी केंद्रावर दिसते.

रिफाम्पिसिन हे आपल्या माहितीतलं सगळ्यात जबरदस्त इंड्यूसर. जिनिंगच्या मालकाला ते आख्खा नवा शेड बांधायला लावतं. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेरी जीन क्रीक यांनी दाखवलं की मेथाडोनवरच्या ३० क्षयरुग्णांना रिफाम्पिसिन दिल्यावर २१ जणांना टर्कीची लक्षणं आली. एचआयव्हीचं नावही तेव्हा कोणी ऐकलेलं नव्हतं. पुढे २०११ मध्ये मॅकेन्स-कॅट्झ यांच्याच गटानं ब्युप्रेनॉर्फिनवरच्या १२ जणांना रिफाम्पिसिन दिलं. एयूसी ७० टक्क्यांनी घटला. आणि या वेळी १२ पैकी ६ जणांना टर्की लागली.

आपल्या सूत्रात घाला. मात्रा ४ होती, ७० टक्के गेली, उरली १.२. वाटा १.२ ÷ २.२, म्हणजे ५५ टक्के. अगदी रेषेवर. ज्याची मुळातली पातळी जरा कमी, तो रेषेच्या खाली. ज्याची जास्त, तो वर. निम्म्यांना त्रास, निम्म्यांना नाही, यात मग नवल वाटत नाही. (आकडा इतका सुबक जुळला की मी दोनदा तपासला. सुबक जुळणाऱ्या आकड्यांवर जरा संशयच ठेवावा.) त्याच गटानं रिफाब्युटिन हे भाऊबंद औषधही तपासलं होतं. त्यानं एयूसी साधारण ३५ टक्क्यांनीच घटला आणि टर्की लागली नाही.

इथे मुलं विचारतात की आता इफाव्हिरेन्झ गेलं, डोल्युटेग्राव्हिर आलं, मग हा जुना इतिहास कशाला? प्रश्न रास्त आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात २०२० च्या आसपासपासून टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही एकत्र गोळी आली, आणि डोल्युटेग्राव्हिर मेथाडोनलाही फारसा धक्का लावत नाही आणि ब्युप्रेनॉर्फिनलाही नाही. खूप मोठी सोय झाली. पण रिफाम्पिसिन कुठेही गेलेलं नाही. ते डोल्युटेग्राव्हिरलासुद्धा खाली ओढतं, म्हणून क्षयरोगाच्या उपचारात त्याचे ५० मिलिग्रॅम दिवसातून एकदाऐवजी दोनदा द्यावे लागतात. क्षयरोग होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा जे रिफापेंटिन देतात, तेही इंड्यूसरच. आणि पहिल्या ओळीची औषधं चालेनाशी झाली की दुसऱ्या ओळीत रिटोनाव्हिरसोबतची औषधं येऊ शकतात. तिथे बाण उलटा: अटाझानाव्हिर-रिटोनाव्हिरनं ब्युप्रेनॉर्फिन वाढतं आणि काहींना गुंगी येते.

परतीच्या प्रवासाकडे तर फार कमी जणांचं लक्ष असतं. रिफाम्पिसिनमुळे मेथाडोनचा डोस वाढवला, रुग्ण स्थिर झाला, सहा महिन्यांनी क्षयरोगाचा उपचार संपला. सगळे खूश. पण आता पुढचे दोन आठवडे जास्तीचे रेचे हळूहळू बंद होतायत, आणि डोस मात्र वाढलेलाच आहे. मेथाडोन साचत जातं. श्वास मंदावतो, हृदयाची लय बिघडू शकते. टर्कीनं माणूस तळमळतो पण सहसा मरत नाही, यानं मरू शकतो. उपचार संपल्याची तारीख आणि ओएसटीचं रजिस्टर वेगवेगळ्या इमारतींत असतील, तर हे जोडणार कोण? मला विचाराल तर सगळ्या टेबलांमध्ये नसलेली आणि सगळ्यात गरजेची ओळ हीच आहे.

आता तुमच्यापैकी काहींच्या डोक्यात सिनॉप्सिस शिजायला लागला असेल. थांबा जरा. अकोला-अमरावतीत एचआयव्ही, क्षयरोग आणि ओएसटी असे तिन्ही असलेले तीस रुग्ण मिळतील या भरवशावर विषय नोंदवू नका. दोन वर्षं वाट बघण्यात जातील. इथे बसून करता येण्यासारखे प्रश्न त्याच सूत्रातले, पण दुसऱ्या जोड्यांचे आहेत. डोल्युटेग्राव्हिर मेटफॉर्मिनची पातळी बरीच वाढवतं, म्हणून मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात. मधुमेह तर आपल्या घराघरात आहे. लोह, कॅल्शियम आणि अॅसिडिटीची काही औषधं डोल्युटेग्राव्हिरला पोटातच बांधून ठेवतात, म्हणून त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर ते घ्यायचं. हे रुग्णाला कोणी सांगितलं का, आणि सांगितलेलं घरी पाळलं जातं का, हा साधा प्रश्न आहे आणि तो विचारायला महागडं मशीन लागत नाही.

आणि समजा तसा एखादा रुग्ण खरंच भेटला, तर केस रिपोर्ट लिहायचा मोह होईल. मलाही झाला असता. मग एवढं बघा. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं रुग्णाची ओळख त्याच्या लेखी संमतीशिवाय उघड करता येत नाही. तुम्ही म्हणाल, नाव लिहिणारच नाही. पण ‘मूर्तिजापूर तालुका, वय ३४, ट्रकचालक, मुंबईत व्यसनाचा उपचार’ एवढं लिहिलं तर नावाची गरज उरते का? मोठ्या शहरात अशा वर्णनाचे पाचशे असतील. तालुक्याच्या गावात चहाच्या टपरीवर दोन मिनिटांत नाव निघेल. तालुका काढा, व्यवसाय काढा, वय दशकात लिहा. गाईडनं ‘डिटेल हवेत’ म्हटलं, तर डोस आणि तारखांमधली अंतरं भरपूर द्या. शास्त्राला लागतात ती तीच.

त्या मुलीला बडनेऱ्याला उतरताना मी एक गणित दिलं होतं, तुम्हालाही देते. एका रुग्णाचा ब्युप्रेनॉर्फिनचा डोस कमी आहे, रिसेप्टर ६० टक्केच व्यापलेले. त्याला रिफाम्पिसिन सुरू केलं, मात्रा ७० टक्क्यांनी घटली. आता वाटा किती, आणि तक्रार घेऊन तो साधारण कोणत्या आठवड्यात येईल? पहिल्याचं उत्तर ३१ टक्क्यांच्या आसपास यायला हवं. दुसऱ्यासाठी रेचे बसवायला किती दिवस लागतात ते वर पाहा.